3 एचपीचा सौर पंप आणि खारपाणपट्ट्यातलं शेततळं: तीन वर्षं वापरून झाल्यावर

आमच्या वावरात केंद्राच्या कुसुम योजनेतला (सौर पंपाला अनुदान देणारी योजना) 3 एचपीचा सौर पंप फेब्रुवारी 2023 मध्ये बसला. तीन खरीप त्यावर काढले, तिसरा रब्बी आता सुरू आहे. गावातल्या आणि आसपासच्या पुष्कळ बाया-माणसांनी विचारलं, "घ्यावं का? खरंच चालते का?" प्रत्येकाला उभ्या उभ्या जेवढं सांगता येतं त्यापेक्षा सांगण्यासारखं जास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आमची जागा सांगते, कारण पंप कुठं बसला यावरच सगळं आहे. आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातले, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा पट्टा साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. वरची जमीन काळीभोर, खोल, पाहणाऱ्याला हेवा वाटावा अशी. पण खाली विहीर खणली की पाणी खारं लागतं. ते प्यायलाही चालत नाही आणि पिकालाही. चुकून दोन-चार वर्षं दिलं तर जमीन चोपण होते, नांगराला ढेकूळ फुटत नाही. प्यायचं पाणी आमच्याकडं शहानूर धरणावरून नळानं येतं. शेतीसाठी आमच्याकडं गोडं पाणी म्हणजे पावसाचं, दुसरं नाही. त्यामुळं मूग, उडीद, कपाशी, तूर हे सगळं आभाळावर, आणि मूग निघाल्यावर ओल असली तर हरभरा.

2017 साली आम्ही 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून तळं खोदलं. 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. अनुदान 50 हजार मिळालं, मशीनचे पैसे त्याहून जास्त गेले, पण ते पैसे कधी खटकले नाहीत. एवढ्या तळ्यात काठोकाठ भरल्यावर सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. आमच्या मातीला प्लास्टिकच्या कागदाची गरज पडली नाही. पहिल्या पाण्यानंच ती फुगते आणि भेगा मिटतात. एक गोष्ट मात्र जपावी लागते. शेजारच्या शिवारात एकांनी जास्त पाणी मावावं म्हणून तळं आणखी खोल नेलं, तर दुसऱ्याच वर्षी खालून खार वर आला. म्हणून 3 मीटर म्हटलं की तिथंच थांबायचं.

तळं झालं तरी सहा वर्षं आम्ही त्यातलं पाणी डिझेल इंजिननं उपसलं. ते दिवस मी विसरणार नाही. आमच्या वावराला पांदण रस्ता आहे, सव्वा किलोमीटर. पावसाळ्यात त्यात पाय घातला की पिंडरीपर्यंत चिखल. बैलगाडी जात नाही, मोटारसायकल तर नावच नको. ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली तरी पांदण वाळायला आठ-दहा दिवस लागतात. त्या चिखलातून यांनी खांद्यावर आणि मी डोक्यावर डिझेलच्या कॅन नेल्या आहेत. एकदा माझा पाय घसरला आणि पाच लिटर डिझेल पांदणीत सांडलं. त्या दिवशी मला रडू आलं होतं. इंजिन तासाला लिटरभर पीत होतं. एक एकर भिजवायला सात-आठ तास लागायचे. वर्षाचा हिशेब 150 लिटरच्या आसपास जायचा. लिटरला नव्वद रुपयांच्या वर भाव, म्हणजे 14 हजार रुपये नुसते जाळायचे.

म्हणून सौर पंपासाठी अर्ज केला. सातबारा माझ्या नावावर अडीच एकरांचा, यांच्या नावावर साडेतीन एकरांचा. दोन्ही वावरं लागूनच आहेत, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. तळं माझ्या सातबाऱ्यात, म्हणून अर्ज माझ्या नावानं. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यावर साडेसात, असा नियम. माझ्या हिश्शाचे 19,380 रुपये भरले. खुल्या गटाला किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के, बाकीचे केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतं. आता राज्याची नवी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली आहे. तिच्यातही हिस्सा 10 आणि 5 टक्केच आहे.

पैसे भरल्यापासून पंप बसेपर्यंत सात महिने गेले. कंपनी यादीतून आपणच निवडायची असते. आमच्या भागात ज्या कंपनीचे पंप जास्त दिसले तीच आम्ही निवडली. तुम्ही मात्र 'जास्त पंप कोणाचे' हे विचारू नका. 'बिघाड झाला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला' हे विचारा.

बसवायला दोन पोरं आली. खड्डे खणून काँक्रीट भरणं, लोखंडी सांगाडा, 335 वॅटच्या 9 प्लेटा, कंट्रोलरचा डबा, आभाळातल्या विजेपासून बचावासाठी उंच दांडा आणि अर्थिंग, हे सगळं दोन दिवसांत झालं. पोरं कामाला चांगली होती. पण त्यांनी पंप सरळ तळ्याच्या तळाशी सोडला. मी म्हटलं, "बापू, खाली गाळ आहे, गाळात कसा चालेल?" तो म्हणाला, "काकू, आम्ही विहिरीत असाच सोडतो." विहीर वेगळी, तळं वेगळं. पंधरा दिवसांत पंपाच्या जाळीला चिखल बसला आणि पाणी अर्ध्यावर आलं. मग यांनी दोन निळ्या ड्रमांचा तराफा केला आणि पंप पाण्याच्या मध्यावर आडवा टांगला. तेव्हापासून जाळी एकदाही तुंबली नाही. तळ्यावर पंप बसवणाऱ्यांनी हा तराफा बसवतानाच मागून घ्यावा.

आता चालतो कसा. सकाळी साडेआठला पाणी येतं पण त्यात जोर नसतो. दहा ते साडेतीन हा खरा वेळ. आम्ही तुषार लावतो. चांगल्या उन्हात 7 नोझल गरागरा फिरतात, आठवा लावला की सगळ्यांचा फेर लहान होतो. आभाळ आलं तर 4 नोझलवर यावं लागतं, मळभ दाटलं तर थांबावं लागतं. दिवसाला लाखभर लिटर पाणी निघतं. दोन इंच पाणी एकरभर द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं, म्हणजे एकराला दोन दिवस. डिझेल इंजिन तेच काम एका दिवसात करायचं. ज्याला घाई आहे त्याला हे संथ वाटेल. पण ते संथ पाणी आमच्या काळ्या मातीला मानवतं. इंजिनच्या धारेनं वर डबकं साचायचं, आता जमीन सावकाश पिते.

प्लेटांवर धूळ बसली की पाणी कमी होतं हे डोळ्यांनी दिसतं. आठवड्यातून एकदा पहाटे, प्लेटा गार असताना, ओल्या फडक्यानं पुसते. तळ्याचंच पाणी वापरते, बोअरचं खारं पाणी लावू नका, पांढरा थर बसतो आणि निघत नाही. माकडं प्लेटांवर बसतात. त्यांच्यापायी प्लेट अजून फुटली नाही, पण वायर ओढून सोडवली आहे दोनदा. वायर लोखंडी नळीतून घालून घ्या. रोही (नीलगाय) आणि डुकरं पंपाला काही करत नाहीत, तुषारचे पाइप मात्र तुडवतात.

पंपाची खरी परीक्षा झाली पहिल्याच वर्षी. 2023 चा ऑगस्ट. देशात 1901 पासून नोंदी आहेत, त्यातला सर्वात कोरडा ऑगस्ट तो ठरला. आमच्याकडं त्या साली पाऊसच उशिरा आला, पेरणी जुलैत. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात धो धो पडला, तळं सांडव्यापर्यंत भरलं. आणि ऑगस्ट लागला तसा पाऊस गेला तो गेलाच. मूग फुलावर होता, पऱ्हाटी (कपाशी) पात्यांवर. आमच्या जमिनीला पाण्याचा ताण पडला की आधी केसाएवढी भेग पडते, मग बोट जातं, मग हात जातो, आणि त्या भेगेत मुळं तुटतात. 14 ऑगस्टला माझा पंजा भेगेत जात होता.

आम्ही 15 तारखेपासून पंप लावला. आधी मुगाच्या दोन एकरांत, मग कपाशीच्या तीन एकरांत. रोज सकाळी नवाला पाइप जोडायचे, साडेतीनला सोडायचे, दुसऱ्या दिवशी पुढच्या पट्ट्यात. दहा दिवस लागले. ऊन इतकं कडक होतं की पंपाला एका दिवसाची उसंत पडली नाही. मला त्यात एक गोष्ट कळली जी कोणी सांगितली नव्हती. पावसाचा खंड पडतो तेव्हा ऊन असतं, आणि ऊन असतं तेव्हाच हा पंप जोरात चालतो. पिकाला जेव्हा सर्वात जास्त गरज, तेव्हाच याच्यात सर्वात जास्त ताकद. डिझेलचं तसं नव्हतं. खंड पडला की गावातले सगळेच डिझेल आणायला धावायचे आणि पैसे नेमके त्याच वेळी हातात नसायचे.

तळ्यातलं निम्मं पाणी गेलं. मूग एकरी चार क्विंटल झाला. धुऱ्यापलीकडच्या भाऊजींना दीड क्विंटल झाला, त्यांचं वावर माझ्यापेक्षा हलकं नाही आणि मेहनत तर माझ्याहून जास्त आहे. फरक त्या एका पाण्याचा. आमच्या आत्याबाई पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. त्या पाइप सरकवताना धुऱ्यावर येऊन बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "पोरी, बहात्तरच्या सालात असं तळं असतं तं तुह्या सासऱ्याले नागपूरले कामाले जा नसतं लागलं." 1972 चा दुष्काळ त्यांनी सुकडीवर काढला आहे.

सरकारनं त्या साली दुष्काळ जाहीर केला 31 ऑक्टोबरला. 15 जिल्ह्यांतले 40 तालुके. विदर्भातले बुलढाणा आणि लोणार हे दोनच, आमच्या जिल्ह्यातला एकही नाही. पुढं राज्यात हजाराच्या आसपास महसुली मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मानली. मी नियमाला दोष देत नाही. पाऊस किती, खंड किती आठवड्यांचा, पिकाची हिरवळ उपग्रहातून किती दिसते, जमिनीत ओल किती, हे सगळं तपासून मग शेतात जाऊन पाहतात. ते हवंच. पण मूग मेला ऑगस्टमध्ये आणि दुष्काळ ठरला ऑक्टोबरच्या शेवटी. आणि ज्या सवलती मिळाल्या त्यांत एक होती कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट. ज्याच्याकडं विजेचा पंप आहे त्याला ती मिळाली. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू माणसाकडं पंपच नाही, त्याला कसलं बिल आणि कसली सूट? दुष्काळाचा सगळ्यात जास्त मार ज्याला, त्याच्या वाट्याला ही मदत येतच नाही.

म्हणून मला वाटतं, पंपाकडं फक्त पंप म्हणून पाहू नये. माझं माहेर वरूडकडचं. तिकडं संत्र्याच्या बागा, आणि पाण्यासाठी बोअरवर बोअर. माझ्या भावाच्या बागेत सहा बोअर आहेत, त्यातले चार कोरडे. वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारच्याच अहवालात वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. भावाकडं विजेचा पंप आहे. आठवड्यातले काही दिवस वीज रात्री येते, तेव्हा तो रात्री बारा-एकला बॅटरी घेऊन बागेत जातो. साप, बिबट, थंडी, सगळं. वहिनी फोन उशाशी घेऊन जागी असते. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीजबिल नाही. ते चांगलंच झालं, त्याच्यावर कर्ज होतं. पण बिल नाही म्हटल्यावर कित्येकजण स्वयंचलित बटण लावून ठेवतात, वीज आली की पंप सुरू, गेली की बंद. तिथं सौर पंप दिला तर रात्रीचं जाणं सुटेल, वहिनीला झोप लागेल, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. पण बोअरवर सूर्य फुकट मिळाला तर पाणी आणखी खाली जाईल हेही तितकंच खरं. माझ्या तळ्याचं तसं होत नाही. माझ्या तळ्यात या वर्षी पडलेलं पाणी आहे. ते संपलं की पंप थांबतो. मी पुढच्या वर्षीचं पाणी किंवा शेजाऱ्याचं पाणी उपसू शकत नाही. एकच पंप, एकच अनुदान, पण तिकडं तो पुढचा दुष्काळ जवळ आणेल आणि इकडं आजचा दुष्काळ दूर ठेवतो. पंप कोणत्या पाण्यावर बसणार हे पाहून अनुदान ठरायला हवं. पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर बसणार असेल तर जास्त द्या, लवकर द्या, तळं-पंप-तुषार एकाच अर्जात द्या. आज तळ्याचा अर्ज कृषी विभागाकडं, पंपाचा वीज-ऊर्जेच्या खात्याकडं, तुषारचा ठिबक-तुषारच्या योजनेत. मी तीन ठिकाणी तोच सातबारा आणि तेच आधार कार्ड दिलं आणि सहा वर्षांत हे तीन तुकडे जुळवले. ज्याच्या घरात कागद वाचणारं कोणी नाही, त्यानं कसे जुळवायचे?

आता धुराचं. सौर पंपाच्या फलकावर कार्बन कमी होतो असं लिहिलेलं असतं. माझी मुलगी अकोल्याला कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आली तेव्हा आम्ही दोघींनी वहीत हिशेब मांडला. एक लिटर डिझेल जळलं की 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आमचं 150 लिटर वाचलं, म्हणजे वर्षाला 400 किलो. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "आई, युरियाचंही कर." शेतात टाकलेल्या युरियातलं नत्र टक्काभर नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं असा जगभर ढोबळ हिशेब धरतात, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट उष्णता धरतो. 45 किलोच्या एका गोणीत 20.7 किलो नत्र. तिनं आकडेमोड केली आणि वही माझ्यापुढं सरकवली. एका गोणीचे जवळपास 89 किलो, म्हणजे 33 लिटर डिझेल जाळल्याइतके. साडेचार गोण्यांत आमच्या पंपानं वर्षभर वाचवलेलं सगळं परत जातं.

मी ते पान किती तरी वेळ पाहत बसले. आमच्याकडं पाणी हातात आलं की पहिली गोष्ट काय होते? युरिया वाढतो. पाणी दिलं, आता खत मार. आम्हीही 2023 मध्ये मारला, कपाशीला एकरी एक गोणी जास्त. गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणून हात आखडत नाही. सरकार एका हातानं पंपाला 90 टक्के देतं आणि दुसऱ्या हातानं युरिया असा स्वस्त ठेवतं. शेतकऱ्याची गोणी महाग करा असं मी म्हणणार नाही, ते माझ्या तोंडून निघणारच नाही. पण पंपासोबत माती परीक्षण आणि खताच्या मात्रांचं मार्गदर्शन सक्तीचं करा, कृषी सहायकाला त्यासाठी वेळ द्या. आमच्यासाठी हे काम मुलीनं केलं. 2024 पासून आम्ही युरिया तीन हप्त्यांत, ओल पाहून, झाडाच्या बुडाशी मातीआड देतो. आधी एकरी अडीच गोण्या लागायच्या, आता दीड. पऱ्हाटी त्यानं उलट सुधारली, मावा-तुडतुडा कमी झाला. हे पाण्यामुळं जमलं. आभाळावर असताना पाऊस येईल की नाही माहीत नसायचं, म्हणून पाऊस दिसला की सगळं खत एकदम टाकायचो. आता माहीत आहे की पाणी मी देऊ शकते.

देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा 14 टक्क्यांच्या आसपास मोजतात, त्यात मोठा भाग जनावरांचा, भातशेतीचा आणि खताचा. पंपाचं डिझेल त्यात येतच नाही, ते इंधनाच्या खात्यात जातं. पंप बसले की शेतीचं काम झालं असं कोणी समजू नये एवढंच मला म्हणायचं आहे.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. डिसेंबर 2024. हरभरा फुलावर आणि पहिले घाटे धरत होते. सकाळी कंट्रोलर लावला तर लाल दिवा लागला आणि पंप बंद. पाच वर्षांची देखभाल कंपनीकडं असते, म्हणून फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. दोन दिवसांनी परत फोन केला, "इंजिनिअर येतो आहे." आठव्या दिवशी ज्या कार्यालयानं मंजुरी दिली तिथं गेले. तिथल्या साहेबांनी कंपनीशी बोला म्हटलं. कंपनीनं जिल्ह्याच्या एजंटाशी बोला म्हटलं. एजंटाचा फोन लागत नव्हता. गावातल्या वीजतंत्रीला दाखवलं तर तो म्हणाला, "काकू, डबा उघडला तं तुमची वारंटी जाते, मी हात नाही लावत." त्याचं बरोबर होतं. माणूस आला 19 व्या दिवशी. 20 मिनिटांत डब्यातला एक भाग बदलला आणि पंप सुरू. 20 मिनिटांचं काम आणि 19 दिवस. तोवर एकरभर हरभऱ्याचे घाटे पोचट झाले होते. पाणी तळ्यात, ऊन डोक्यावर, पंप जागेवर, आणि पीक वाळतंय. तसं पीक पाहण्याचं दुःख कोरड्या दुष्काळापेक्षा वेगळं असतं.

मला त्या पोरावर राग नाही, त्याच्याकडं तीन तालुके होते. राग याचा आहे की पंप बसवला की कंपनीला पैसे मिळतात, पण दुरुस्तीला उशीर झाला तर शेतकऱ्याला भरपाई देण्याचं बंधन कोणाला जाणवत नाही. प्रत्येक तालुक्याला एक शिकलेला मुलगा आणि कंट्रोलरचे दोन सुटे डबे ठेवा. आमच्या दर्यापुरात आयटीआय झालेली पोरं कामासाठी पुण्याला जातात. त्यांना हे काम शिकवलं तर दोन्हींचं भलं होईल.

दुसरी उणीव. तळ्यातलं पाणी जानेवारीत संपतं. आठवड्याला दीड-दोन बोटं तर ऊनच पितं. जानेवारी ते जून 9 प्लेटा वावरात नुसत्या उन्हात उभ्या. त्या विजेवर कडबाकुट्टी चालली असती, छोटी डाळीची चक्की चालली असती. तसं करता येणारा युनिव्हर्सल कंट्रोलर असतो आणि कुसुमच्या नियमांत त्याला जागा आहे. आम्हाला मिळालेला साधा होता, आणि बसवताना कोणी विचारलं नाही. तुम्ही अर्ज करत असाल तर हे आधी विचारा. मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर बचत गटाच्या आठ बायांना त्याचा उपयोग झाला असता.

2024 बरं गेलं. 2025 मध्ये उलटं झालं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस थांबेना, पंप खरिपात एकदाही लावला नाही, कपाशीची बोंडं सडली. तळ्यात गाळ मात्र गुडघाभर आला. रब्बीला पाणी कमी पडतंय ते त्या गाळामुळं.

म्हणून माझं मत: पंप म्हणून पाचपैकी चार. कंपनीच्या सेवेला एक. 19,380 रुपये आमचे दीड वर्षाच्या डिझेलमध्ये निघाले, त्यात शंका नाही. ज्यांचं तळं आहे किंवा नदी-नाल्याचं गोडं पाणी आहे त्यांनी डोळे मिटून घ्यावा. ज्यांच्याकडं नुसती खारी विहीर आहे त्यांनी घेऊ नये. फुकटात चालतो म्हणून खारं पाणी वावरात ओताल आणि जमीन घालवाल. आधी तळं करा. नुसत्या बोअरवर घेणाऱ्यांनी पाण्याची पातळी दर महिन्याला दोरीनं मोजून लिहून ठेवावी.

यंदा मे महिन्यात तळ्यातला गाळ काढायचा आहे. तो वावरातच पसरवणार, आमच्याच धुऱ्यावरून वाहून गेलेली माती आहे ती. धुऱ्यापलीकडच्या भाऊजींनी तळ्यासाठी अर्ज केला आहे, त्यांचे कागद मीच भरले. कोणाला पंप पाहायचा असेल तर हरभऱ्याला शेवटचं पाणी सुरू आहे तोवर या. दहानंतर या, साडेतीनच्या आत या, आणि पांदण सध्या कोरडी आहे, गाडी थेट तळ्यापर्यंत येते.